रोशनी सिस्टरांची बदली

माझ्या लेकीला, छायाला, पहिल्या बाळंतपणाला ओझरहून मी हट्टाने आणलं. तिची सासू म्हणत होती, "इथं दवाखाने हाताशी आहेत, राहू द्या." पण पहिलं बाळंतपण माहेरी, आणि वर मी गावाच्या आरोग्य समितीची सदस्य! "आमच्या उपकेंद्रात सगळी सोय आहे," असं मी तोऱ्यात सांगून बसले. सोय होती, पण संध्याकाळपर्यंत. नर्स रोशनी सिस्टर शेवटच्या एसटीने सिन्नरला घरी जायच्या, आणि त्यानंतर गावाला कुणी वाली नसायचा.

गावातल्या कुसाबाईच्या सुनेला अशाच एका रात्री कळा सुरू झाल्या. ॲम्ब्युलन्स येईपर्यंत ती अंगणातच बाळंत झाली. मायलेकरं वाचली, हेच नशीब. तेव्हापासून माझी झोप उडाली होती. छायाचे दिवस भरत आले होते. तिने नुसती कूस बदलली तरी मी दचकून उठायची.

म्हणून आरोग्याची जनसुनवाई लागल्यावर बोलायला या म्हणून मीच सगळ्यांच्या मागे लागले. तालुक्याचे साहेब येणार, लोक तोंडावर बोलणार आणि साहेबांनी जागेवर उत्तर द्यायचं. मला एवढंच हवं होतं की सिस्टरांनी रात्री गावात राहावं. त्यांच्या क्वार्टरचं छत गळतं, नळाला पाणी नाही, हेही मी मांडणार होते. पण "सिस्टर रात्री नसतात" एवढं म्हणते न म्हणते तोच मंडपातली माणसं पेटली.

"माझी सून मेली असती तर भरून दिली असती का?" कुसाबाई ओरडली. सरपंच देवरामभाऊंचं तर आयतंच फावलं. क्वार्टरची दुरुस्ती त्यांनीच रखडवलेली, आणि सगळ्यात मोठा आवाजही त्यांचाच. "सायेब, असली नर्स आमाला नको!"

रोशनी सिस्टर मान खाली घालून बसल्या होत्या. साहेबांनी माइक घेतला. "लोकांची मागणी मान्य. उद्यापासून सिस्टरांची नेमणूक दुसरीकडे." टाळ्यांचा कडकडाट झाला. बायकांमध्ये खुर्चीवर बसलेली माझी छायाही टाळ्या वाजवत होती. धावत जाऊन तिचे हात धरावेसे वाटले मला.

"सायेब, मग इथं कोण येणार?" मी विचारलं.

"जागा भरली की येईल कुणीतरी. तोवर शेजारच्या गावच्या सिस्टर आठवड्यातून एकदा येतील."

"बाळंतपणं काय वार बघून व्हत्यात का? आमाला सिस्टर घालवायची नव्हती. त्यांचं घर नीट करा, त्या राहतील!"

"ताई, तक्रार तुमचीच होती ना?" साहेब हसले.

"आता लेकीपायी उलटी फिरली," देवरामभाऊ म्हणाले, आणि सगळा मंडप हसला. लेकीपायीच तर बोलत होते मी! त्यात हसण्यासारखं काय होतं? पण साहेबांची गाडी पुढच्या गावाला निघालीसुद्धा.

मी छायाला घेऊन उपकेंद्रात गेले. सिस्टर सामान आवरत होत्या.

"माझं चुकलं, सिस्टर. सायेबांना सांगा ना, राहते म्हणून."

"मनीषाताई, बदलीसाठी मी किती अर्ज केले होते. माझी मुलगी लहान आहे, दिवसभर शेजारणीकडे असते. आता मिळालेली बदली मी कशी सोडू?" त्यात टोमणा नव्हता. त्यांनी छायाला झोपवून पोट तपासलं. "बाळ खाली सरकलंय. कधीही होईल. चार्ज सकाळी द्यायचाय, तेव्हा आजची रात्र मी इथेच थांबते. कळा आल्या तर लगेच आणा."

घरी येऊन मी देवापुढे दिवा लावला. एरवी मी मागायची, देवा, दिवसाउजेडी सोडव. त्या संध्याकाळी हात जोडून म्हटलं, आज रात्रीच कळा येऊ देत. पोटच्या पोरीसाठी असलं मागणं!

"छाया, काही दुखतंय का गं?"

"नाय गं आई," ती भाकरीचा तुकडा मोडत म्हणाली. "उलट आज लय बरं वाटतंय."