आधी वास घ्या

स्टीलचं ते भांडं नेमकं कशाला ठेवलंय, तिला कळेना... आतून लख्ख, काठावर मात्र एक लालसर ओघळ. तेवढ्यात ग्लास पुसणारी मुलगी म्हणाली, "गिळायची नसेल तर त्यात थुंका, मावशी. इथे सगळे थुंकतात." घ्या! ज्याच्यापायी अठ्ठावीस वर्षं संसाराची माती झाली, ते इथे लोक चूळ भरून टाकून देतात.

नवरा जाऊन आठ महिने झाले होते. फिरून ये, मन रमेल, म्हणून बहिणीने तिला बळेच प्रवासाला धाडलं होतं. मन कसलं रमतंय... पण बसथांब्यासमोर पाटी दिसली, इथल्या मळ्यांतली वाइन चाखून बघा, आणि पाय आपोआप वळले. तिला एकदाच बघायचं होतं, एवढं काय होतं त्यात, जे आपल्यात नव्हतं.

पहिली पांढरी. तोंडात घेतली, थुंकली. दुसरी आंबटढाण, तीही थुंकली आणि जिवाला बरं वाटलं. ह्याच्यासाठी? ह्या असल्या पाण्यासाठी? मग मुलीने लाल वाइनचा ग्लास पुढे सरकवला. "आधी वास घ्या. काय येतंय, सांगा."

वास म्हणे. रोज संध्याकाळी दाराची कडी काढली, की तो बूट काढायला वाकायच्या आत तिला कळायचं — किती झाली, कधीपासून चाललीय, आज भांडेल, रडेल की तसाच आडवा होईल — त्यावर ठरायचं, पानं वाढायची की लेकीला घेऊन आतल्या खोलीत जायचं. नाकानेच संसार केला म्हणा ना.

"भिजवलेल्या मनुका," ती म्हणाली. "ओलं लाकूड. आणि बाटली आत्ताची नाही, कालपासून उघडी आहे."

मुलीने बाटली फिरवून तारखेची चिठ्ठी पाहिली. "कालचीच आहे. मावशी, तुम्ही याच धंद्यातल्या का?"

"हो. बरीच वर्षं."

खोटं काय होतं त्यात.

तिने घोट तोंडात फिरवला, भांड्यावर वाकली... आणि गिळला. ऊब घशातून छातीत उतरली, खांदे सैल झाले. इतकी वर्षं ते आखडलेले होते हे तिला आत्ता कळत होतं. आवडलं होतं तिला. लग्नानंतर पहिल्याच वर्षी तो अर्धा ग्लास पुढे करून म्हणाला होता, "घे ना गं थोडी, एकट्याला मजा येत नाही," आणि तिने तो बेसिनमध्ये ओतला होता. बरोबरच केलं, आजही तेच केलं असतं... पण तेव्हा त्याचा चेहरा कसा झाला होता? तिने पाहिलंच नव्हतं. इतका जपून आणलेला राग ती आत चाचपत राहिली, तो कुठे हाताला लागेना.

"आणखी देऊ?"

"थोडीशी," ती म्हणाली. तोही असंच म्हणायचा.

तिने ग्लास नाकाशी धरला. आता उठून लॉजवर जायचं, खोलीचं कुलूप आपणच काढायचं. आत तिच्या तोंडाचा वास घ्यायला कोणी नव्हतं.