डिकीच्या शॉकअपची कबुली

मी एक जुना शॉकअप आहे. मित्रांनो, मोटारीची डिकी उघडल्यावर तिला वर धरून ठेवणारी काळी नळी असते ना, ती मी. माझ्या पोटात दाबून भरलेला गॅस, तीच माझी ताकद.

नऊ वर्षं मी एका मोटारीची डिकी पेलली. लोकांनी मोटारीच्या रंगाची तारीफ केली, माझी कुणी केली नाही. पेलणाऱ्याकडे माणसं तो थकल्यावरच बघतात. पुढे मोटार भंगारात गेली आणि परभणीच्या रंगनाथ वेल्डरने मला नि माझ्या जोडीदाराला काढून धम्मानंद सरांच्या हाती दिलं.

सर विज्ञानाचे शिक्षक. त्यांनी घरीच, मोटारीमागे जोडायची, थेंबाच्या आकाराची झोपायची गाडी बांधली होती. तिचं मागचं दार वर उघडायचं आणि त्याखाली स्वयंपाकाचा ओटा. म्हणजे दाराखाली डोकं कुणाचं? त्यांच्या पत्नीचं, मनिषाताईंचं.

सरांनी आम्हाला त्या दाराला बसवलं आणि मे महिन्यातल्या भर दुपारी आमची परीक्षा झाली. मी दार झटक्यात वर नेलं.

"बघ, लय दम हाय यात!" सर म्हणाले.

"अहो, पण दाराचं वजन केलं का?"

"हाताला अंदाज येतो गं."

"अंदाज तुमचा अन् डोकं माझं!"

सर हसले. मी मात्र ओशाळलो. तो दम माझा नव्हता, उन्हाचा होता. माझा बराचसा गॅस केव्हाच निसटला होता.

डिसेंबरात ते पेडगावला शेतात मुक्कामाला गेले. सकाळी हात काकडत होते. ताईंनी चहा ठेवला आणि काडेपेटी पडली म्हणून खाली वाकल्या. तेवढ्यात माझा धीर सुटला. दार धाडकन खाली आलं आणि पातेलं चेपलं. ताई थोडक्यात वाचल्या.

सर पांढरे पडले. "मे महिन्यात तर धरलं होतं!"

"गुरुजी, गरमीत वायू फुगतो हे पोरांना शिकवता ना? मग थंडीत काय करतो?" ताईंनी विचारलं.

"आकसतो," म्हणत सरांनी चेपलेलं पातेलं उचललं.

परतल्यावर दार उतरवून काट्यावर ठेवलं. वजन आणि बिजागरीपासूनचं अंतर मोजून नवी जोडी आणली. शिवाय दार वर अडकवून ठेवायला खीळ घालायचा लोखंडी टेकू. या वेळी परीक्षा पहाटेच्या थंडीत झाली. त्या दिवशी दाराखाली उभं राहून चहा सरांनी केला.

मित्रांनो, आम्ही थकलो की आमची कीव करू नका, आम्हाला रजा द्या. काळजी करायचीच, तर आमच्याखाली उभ्या असलेल्या माणसाची करा.