माझ्या आतली पळापळ आणि राधाबाईंची गाणी

मित्रांनो, मी एक जुना संगणक आहे. कोकणातल्या वालावल गावी शिक्षिका गौरजाबाईंच्या घरी खिडकीजवळ असतो. नवा होतो तेव्हा बटण दाबताच जागा व्हायचो. शाळेच्या प्रश्नपत्रिका तयार करायचो. बाई कौतुकाने माझी धूळ पुसायच्या.

पुढे माझ्यात काहीबाही भरत गेलं. प्रिंटर विकला तरी त्याची सेवा, म्हणजे पडद्यामागे चालणारा प्रोग्राम, आत चालूच राहिली. कोणीच खेळत नसलेले खेळही आपली माणसं राखणीला ठेवून गेले. पडद्यावर काही दिसायचं नाही, पण आत सारखी पळापळ. बसल्या जागी मला धाप लागे. "भंगारात द्या," असं घरात बोललं जाऊ लागलं.

गेल्या मे महिन्यात बाईंच्या सासूबाईंच्या, राधाबाईंच्या गळ्याचं ऑपरेशन ठरलं. नंतर आवाज कसा राहील, हे डॉक्टरांना सांगता येईना. राधाबाईंना भातलावणीच्या दिवसांत म्हणायची कितीतरी गाणी पाठ होती, कुठेच न लिहिलेली. इस्पितळात जायला निघायच्या दुपारी बाईंनी मला माईक जोडला. राधाबाई गायल्या, पण परत ऐकवताना मी निम्मे शब्द गाळले.

"माझो आवाज असो तुटता कित्याक गो? चारच्या गाडयेन जावक होया," राधाबाई कासावीस झाल्या.

"आई, चूक तुमची न्हय, ह्येची आसा," बाई माझ्याकडे बोट दाखवत म्हणाल्या.

बाईंनी सेवांची यादी उघडली आणि घाईघाईने एकेक बंद करू लागल्या. मला मोकळं वाटू लागलं. तोच त्यांनी आवाजाचीच सेवा बंद केली! राधाबाई गात होत्या आणि मी ठार बहिरा. साडेतीन वाजले. मला ओरडावंसं वाटलं, पण कसा ओरडणार?

पडद्यावरची आवाजाची रेघ सपाट झालेली बाईंनी पाहिली. त्या थांबल्या. प्रत्येक नाव सावकाश वाचत त्यांनी चूक शोधली, आवाजाची सेवा परत लावली, मला बंद करून पुन्हा सुरू केलं. एरवी दहा मिनिटं घेणारा मी क्षणात उठलो. गाडीपूर्वी तीन गाणी माझ्यात आली, एकही शब्द न गळता.

आता राधाबाईंचा आवाज घोगरा झालाय. परवा त्यांनी ती गाणी डोळे मिटून ऐकली. मग सुनेला म्हणाल्या, "आजून खूप रवली आसत गो. मी सांगतंय, तू म्हण."

मित्रांनो, यंत्र थकलं म्हणून टाकू नका. आत काय धावतंय ते बघा, पण नाव वाचल्याशिवाय काही बंद करू नका. आता मी गप्प बसतो. माईक जोडलाय आणि बाई गायला लागल्यात.