गुलाबाच्या पानावरची गोलाई

शिंपी मास्तरांनी गच्चीवर मधमाश्यांसाठी बाग करायला घेतली, तेव्हा त्यांच्या बायकोने दोन प्रश्न विचारले. "माशी चावली की तुमचं तोंड सुजतं, विसरलात का?" हा पहिला. आणि "खरं कारण काय?" हा दुसरा. पहिल्याचं उत्तर मास्तरांनी दिलं. दुसऱ्याचं त्यांना स्वतःलाही द्यायचं नव्हतं.

खरं कारण खालच्या मजल्यावर राहत होतं. मास्तरांचा धाकटा भाऊ. सगळी उमेदीची वर्षं दोघांनी एकाच दुकानात, एकाच लांब टेबलाच्या दोन टोकांना काढली. मास्तर मापं घ्यायचे आणि शिवायचे, धाकटा कापायचा. मग एके दिवशी धाकट्याने कापड कापायचं विजेचं मशीन आणलं. त्याचा तो घर्रर्र आवाज ऐकला आणि मास्तरांच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. "माझ्या टेबलावर करवत चालणार नाही," ते गिऱ्हाइकांसमोर म्हणाले, "कात्री धरवत नसेल तर तसं सांग." धाकट्याने खडू, पट्टी, कात्री आणि मशीन उचललं आणि स्वतःच्या बाहेरच्या खोलीत वेगळं टेबल मांडलं. तेव्हापासून दोघांत अबोला. अगदीच अडलं तर निरोप मास्तरांच्या बायकोमार्फत जायचा. ती त्यातला तिखटपणा काढून, आणि फारच कंटाळली असेल तर थोडा घालून, पुढे पोचवायची.

एके दिवशी तिनेच बातमी आणली. धाकट्याला दुसऱ्या गावी तयार कपड्यांच्या कारखान्यात काम मिळालं होतं. वर्ष संपलं की तो बायकोसह जाणार होता. मास्तर "बरं झालं" म्हणाले आणि त्याच दुपारी त्यांनी एका कोटाची कॉलर अशी कापली, की घालणारा माणूस जन्मभर डावीकडून कोणीतरी हाक मारतंय असा दिसला असता.

सरळ खाली जाऊन 'जाऊ नकोस' म्हणणं हा सोपा मार्ग होता. म्हणून मास्तरांनी तो लगेच बाद केला. गच्ची मात्र दोन्ही घरांची होती, आणि धाकटा रोज सकाळी कपडे वाळत घालायला तिथे यायचा. आपणही तिथे असावं, पण त्याच्यासाठी आलोय असं दिसू नये, अशी मास्तरांची इच्छा. त्याच सुमारास वाचनालयात एक बाई परागकण वाहून नेणाऱ्या कीटकांची बाग कशी सुरू करावी यावर बोलणार होत्या, खास नवशिक्यांसाठी. मास्तर पहिल्या रांगेत जाऊन बसले. भावाला बोलावता येईना, म्हणून माशा बोलवायला निघालेला माणूस नवशिका नाही तर काय?

बागेच्या बाईंनी सगळं सोपं करून सांगितलं. साधी, उघड्या तोंडाची फुलं लावा. एका जातीची रोपं घोळक्याने लावा, म्हणजे माशांना लांबून दिसतात. उथळ ताटलीत खडे घालून पाणी ठेवा, औषध मारू नका. काही माशा पोळं करत नाहीत, एकेकट्या राहतात; त्यांच्यासाठी पोकळ बांबूच्या लहानमोठ्या नळ्यांची जुडी आडवी टांगा. मास्तरांनी प्रत्येक वाक्याला मान डोलावली, लिहून एक अक्षर घेतलं नाही. गिऱ्हाइकाला नुसतं बघून माप सांगणारा माणूस चार रोपांसाठी कागद कशाला खराब करेल?

दुसऱ्या दिवशी ते रोपवाटिकेत गेले आणि नेमकी झालरीची फुलं घेऊन आले. पाकळ्यांवर पाकळ्या, चुण्यांवर चुण्या. शिंप्याला दुसरं काय आवडणार! शिवाय प्रत्येक जातीचं एकेकच रोप आणलं आणि कुंड्या रंगांच्या क्रमाने, पट्टी लावून मांडल्या. दुकानात बटणांचे नमुने लावलेला पुठ्ठा असतो, तशी ती बाग दिसत होती. मग मास्तर खुर्ची टाकून बसले. एक माशी आली. ती स्वयंपाकघरातली, उष्ट्यावर बसणारी निघाली, आणि तीसुद्धा मास्तरांच्या चहावर बसली.

धाकटा बादली घेऊन वर आला. त्याने कुंड्यांच्या रांगेकडे पाहिलं, दोरीवर शर्ट झटकला, चिमटे लावले आणि निघून गेला. पण जिन्यात तो हसला, हे मास्तरांनी कान देऊन ऐकलं.

"बाग आहे की दुकानाची काच?" बायको म्हणाली.

मास्तरांनी नाइलाजाने बाईंना फोन लावला. सगळं ऐकून बाई म्हणाल्या, "अहो मास्तर, त्या झालरींमधून माशी आत शिरणार कशी? तुम्ही पाहुण्यांपुढे ताट ठेवलंय आणि वरून घट्ट फडकं बांधून टाकलंय." मास्तर "असं होय" म्हणाले. फोन ठेवल्यावर बराच वेळ ते स्वतःशीच "फडकं, फडकं" करत होते, कारण उपमा त्यांच्याच धंद्यातली होती आणि त्यांना सुचली नव्हती.

मग मात्र त्यांनी कान पकडून सगळं पुन्हा केलं. एकेरी पाकळ्यांची झिनिया आणि कॉसमॉस घोळक्याने लावली. बडीशेप फुलोऱ्याला येऊ दिली. पाच पाकळ्यांचा साधा गुलाब आणला. बांबूच्या नळ्या कापून त्यांची तोंडं पॉलिश कागदाने अशी घासली, की कोणा माशीचा पंख उसवू नये. ते घासणं बघत बायको दारात उभी होती.

"एवढी खुशामत माणसाची केली असती ना, तर तो आज टेबलाच्या दुसऱ्या टोकाला असता."

मास्तर घासत राहिले. तिला सगळं कळतं, याचा त्यांना मनापासून राग होता.

पावसाळा सरता सरता बाग भरली. बडीशेपेवर बारक्या माशा घोंगावू लागल्या, कॉसमॉसवर फुलपाखरं आली. मास्तर गिऱ्हाइकांना मापं घेता घेता परागकणांवर व्याख्यानं देऊ लागले, आणि टेप गळ्याभोवती असल्यामुळे गिऱ्हाइकांना पळताही येईना. धाकटा मात्र यायचा, कपडे वाळत घालायचा, जायचा. एकदा तो बडीशेपेपाशी घटकाभर थांबला. मास्तरांनी घसा खाकरला आणि जे बोलायचं होतं त्याऐवजी खोकले.

आणि एका सकाळी गुलाबाची पानं कापलेली दिसली.

अळीने खाल्लेलं पान मास्तरांना आता ओळखू येत होतं. त्याची कड कुरतडलेली असते. हे तसं नव्हतं. पानाच्या कडेपासून आत, अगदी गोल, स्वच्छ तुकडा काढलेला. कड गुळगुळीत, एक तंतू लोंबत नव्हता. दुसऱ्या पानाला तसंच. तिसऱ्यालाही. मास्तरांनी चष्मा पुसला, टेप काढली, पानाला माप लावलं. गोलाई कुठे डळमळली नव्हती. कात्री फिरवताना माणूस मध्ये थांबतो, तिथे बारीकसा कोपरा राहतोच. इथे कोपराच नव्हता. आणि अशी एका दमात फिरणारी कात्री मास्तरांनी आयुष्यात एकाच हातात पाहिली होती.

त्यांचं डोकं तापलं. जायच्या आधी सूड उगवतोय! तरी पुराव्याशिवाय बोलायचं नाही म्हणून ते दुकानात गेले, धाकट्याने पूर्वी कापलेला गोल खिसा शोधून काढला आणि त्यावर पान ठेवून पाहिलं. वळण तंतोतंत जुळलं. फिर्यादी तेच, साक्षीदार तेच आणि न्यायाधीशही तेच, तेव्हा निकालाला वेळ लागला नाही.

धाकटा दोरीवर कपडे घालत होता. तोंडात चिमटा होता. मास्तर त्याच्यासमोर पान नाचवत उभे राहिले.

"हे तू कापलंस!"

किती तरी महिन्यांत भावाला उद्देशून निघालेलं हे पहिलं वाक्य. धाकट्याने चिमटा काढला. "काय?"

"गुलाब. पानं. मला शिकवू नकोस, मी कात्री ओळखतो! बघ, कुठे थांबलेली नाही. वळणावर कोपरा नाही. अशी गोलाई या अख्ख्या गावात एकाच हाताची आहे. मला जन्मात जमली नाही. तू घरी गेलास की मी चिंध्यांवर करून पाहायचो, तरी नाही जमली. आणि तो हात तू माझ्या बागेवर चालवतोस? चोर कुठला!"

धाकटा ओला शर्ट हातात धरून उभा होता. शर्टातून पाणी त्याच्या पायांवर गळत होतं.

"परत म्हण," तो म्हणाला.

"चोर!"

"ते नाही. त्याच्या आधीचं."

मास्तरांनी आपण काय काय बोललो ते मनात उलटं वाचलं आणि त्यांचे कान गरम झाले. तेवढ्यात धाकट्याने त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. "दादा, गप्प. तुझ्या मागे बघ."

गुलाबाच्या पानावर एक काळसर माशी बसली होती. पानाची कड पायांत धरून ती स्वतःभोवती वळत होती आणि तिच्या तोंडाखाली पान फाकत जात होतं. पाहता पाहता तुकडा सुटला. माशी त्याच्यासकट खाली पडतेय असं वाटलं, पण तिने मधेच पंख पसरले आणि तो हिरवा तुकडा पोटाशी धरून बांबूच्या जुडीकडे गेली. एका नळीत शिरली. दोघं भाऊ जुडीसमोर उकिडवे बसले. दोघांचेही गुडघे वाजले.

माशी परत गेली, परत आली.

"हा लांबट होता," धाकटा कुजबुजला.

"आत भिंतीला लावत असेल. बाहीसारखा गुंडाळून."

"आणि आधीचा गोल होता, तो शेजारच्या नळीच्या तोंडाला झाकण. ते बघ."

"दोन वेगळे नमुने," मास्तर म्हणाले. "खडू नाही. चिंधीसुद्धा उरत नाही."

"माप स्वतःच्या अंगाचं. स्वतःच फिरते, म्हणून कोपरा पडत नाही."

किती तरी महिन्यांनी ते दोघं एकाच कापणीकडे एकत्र बघत होते. मास्तरांना आपण केवढे गाढव आहोत याचा साक्षात्कार झाला. एका माशीने केलेल्या कामाचा राग त्यांनी भावावर काढला होता, आणि तो काढताना जन्मात कधी केली नव्हती ती त्याची स्तुती करून बसले होते, तीही शिवी घालून. हसू आलं आणि त्यात डोळे भरून आले. चष्मा पुन्हा पुसावा लागला.

"जाऊ नकोस," ते जुडीकडेच बघत म्हणाले. "तू गेलास तर मला करमणार नाही. आणि कॉलरी वाकड्या होतात."

"चोराला ठेवून घेतोस?"

"ते मागे घेतलं."

"सगळं?"

"चोरीचं घेतलं. गोलाईचं नाही."

धाकट्याने हातातला शर्ट पुन्हा पिळला, त्यातून आता फारसं पाणी येत नव्हतं तरी.

"कारखान्याला नाही म्हणून कळवतो," तो म्हणाला. "पण दुकानात आलो तर मशीन घेऊन येणार, दादा. कात्रीने आता अंगठा दुखतो. तेव्हाही दुखायचा. तुला सांगवलं नाही."

मास्तरांनी त्याच्या अंगठ्याकडे पाहिलं. मुळाशी तो सुजलेला होता, आणि कात्रीची कडी बसून बसून तिथली कातडी जाड आणि काळी पडली होती. टेबलाच्या या टोकावरून तो इतकी वर्षं त्यांना दिसला नव्हता.

"आण," मास्तर म्हणाले. "उद्याच आण."