अंगी लागलेला फोटो

दचकू नका, मी फोटो बोलतोय. कागदावरचा नव्हे, मोबाइलमधला. आम्हालाही जन्म असतो, बालपण असतं आणि म्हातारपणी कोणी विचारत नाही, तेही असतं.

माझा जन्म शिंप्याच्या दुकानातला. मशीन थांबलं होतं, गळ्यात टेप अडकवून मास्तर चहा पीत होते. सून म्हणाली, "बाबा, इकडे बघा!" त्यांनी मान वर केली आणि मागून त्यांच्या बायकोने टोमणा मारला, "पोट आत घ्या हो!" मास्तरांना पोट नावालाही नव्हतं. ते खदखदून हसले आणि मी जन्मलो. नीट पाहिलंत तर शर्टावर सांडलेला चहाही दिसेल.

मास्तर म्हणजे पाप्याचं पितर. दुसऱ्यांच्या कमरा मोजण्यात हयात गेली, स्वतःच्या पट्ट्याला मात्र खिळ्याने जास्तीची भोकं पाडलेली. त्यांच्या बायकोला सगळे 'बाई' म्हणायचे. बाईंनी काय खाऊ घातलं नाही? दूध, लोणी, अंडी... "मेलं जातं तरी कुठे? अंगी म्हणून लागत नाही!" ही घरातली रोजची तक्रार. मास्तर म्हणायचे, "अगं, मी जाड झालो तर मला कापड जास्त लागेल." काय दिवस होते ते! कोणी ना कोणी मला उघडायचं, बघायचं आणि हसायचं.

मग मास्तर आजारी पडले आणि गेले. बाईंची अन्नावरची वासनाच उडाली. दोन घास चिवडायच्या आणि उठायच्या. "भूक नाही गं," एवढंच. सून काळजीने अर्धी झाली. डॉक्टर म्हणाले, असंच चाललं तर यांना दवाखान्यात ठेवावं लागेल. मला उघडायची तर कोणाची छातीच होईना. मी आपला पडून होतो.

एका दुपारी ताट तसंच ठेवून बाई म्हणाल्या, "दुकानात यांचा फोटो लावा. हसरा." कपाटावर फुटक्या आरशाची चौकट होती, आडवी, चांगली लाकडी. मी मात्र उभा. तीच वापरायचं ठरलं. मुलाने सुनेच्या मोबाइलमधून मला कॉम्प्युटरवर घेतलं आणि तिथेच टेबलावर बसला. इंटरनेटवर एक फुकटातली साइट होती: फोटो चढवा, रुंदी-उंची लिहा, हव्या त्या मापाचा करून मिळतो. खरं सांगतो, मी घाबरलो. माप बदलायचं म्हणजे कात्री आली, असं शिंप्याच्या दुकानात जन्मलेल्याला वाटणारच.

तिथे रुंदी आणि उंचीच्या मधे एक छोटं कुलूप असतं. ते बंद असलं की एक वाढवली तर दुसरीही त्याच बेताने वाढते. मुलाने घाईत ते उघडलं, चौकटीचं माप लिहिलं आणि बटण दाबलं.

अरे बापरे! माझा जो नवा भाऊ बाहेर आला, त्यात मास्तरांचे गाल गुबगुबीत, खांदे पैलवानाचे आणि पोट असं की शर्टाची बटणं तुटतील.

"चुकलं, चुकलं!" मुलगा ओशाळला. "आई, तू बघू नकोस. आत्ता नीट करतो."

पण आईने बघितलं होतं. सुनेने डोळेच मिटून घेतले.

"अगं बाई!" बाई म्हणाल्या. "लागलं की हो अंगी एकदाचं!"

आणि त्या हसल्या. हसता हसता ठसका लागला, मग रडू आलं, मग पुन्हा हसू. मुलगाही रडला. मास्तर गेल्यापासून त्या घरात कोणी हसलेलं मी ऐकलं नव्हतं. मला तर इतकं बरं वाटलं!

"नीट करू ना, आई?"

"हात तर लावून बघ! जन्मभर खपलेय मी त्यासाठी." डोळे पुसत त्यांनी ताट पुढे ओढलं. "सूनबाई, हे गार झालंय गं. गरम वाढ. भूक लागलीय मला."

आता भाऊ दुकानाच्या भिंतीवर आहे. गिऱ्हाइकं विचारतात, "मास्तर एवढे कधी भरले होते हो?" काजं करता करता बाई सांगतात, "आत्ताच."

मला त्याचा हेवा वाटतो, का खोटं बोलू? पण त्याच्यामुळे बाई दोन वेळा जेवतात, म्हणून मी गप्प बसतो. सुनेचा मोबाइल जुना झालाय, जागा संपत आलीय, आणि जागा संपली की लोक आधी आम्हालाच पुसायला घेतात. सूनबाई, तेवढं मात्र करू नकोस. एखाद्या दिवशी बाईंना बारीक मास्तरही बघावेसे वाटतील. तोवर मला राहू दे.