दुसऱ्या डिस्कवरची गाणी

वैष्णवीचं लग्न झालं ते दोन हजार पंधराचं साल. पावसाअभावी कपाशी गुडघ्याएवढीच राहिली, दारव्ह्याच्या कापसाच्या जिनिंगमधलं काम निम्म्यावर आलं, आणि तिथले वायरमन बबनराव भादव्यापासून बोरी अरब गावातल्या आपल्या घरी बसून होते.

"काय भाऊ, येवढा मोठा डबा अन् एक पिक्चर बसत नाही त्यात?" शेजारच्या नंदाबाई दारातूनच म्हणाल्या. "आमच्या येवढ्याशा खोलीत तीन सुना बसवल्या म्या!"

डबा म्हणजे जिनिंगच्या ऑफिसातून भंगारात निघालेला कॉम्प्युटर. बबनरावांनी त्यात दोन हार्ड डिस्क बसवून तो टीव्हीला जोडला होता. बाकीचं सारं वैष्णवीनं सासरी जाण्याआधी लावून दिलं. एका डिस्कवर ठेवलेलं दुसरीवर आपोआप उमटायचं, म्हणजे एक बिघडली तरी दुसरी चालावी. जाताना ती बजावून गेली होती, "मले विचारल्याबिगर काही पुसू नका, बाबा."

त्यातच बबनरावांच्या बायकोची, विमलताईंची भुलाबाईची गाणी होती. लग्नानंतर महिन्याभरात नागपूरला त्यांच्या घशाच्या कॅन्सरचं ऑपरेशन झालं आणि आवाजाची पेटी काढावी लागली. त्याआधी दोन दिवस लेकीनं आईला समोर बसवून एकेचाळीस गाण्यांचे व्हिडिओ घेतले. डब्यात भरल्यावर मोबाइलमधून काढूनही टाकले.

"बसते कसा नाही वहिनी, संध्याकाळी या," बबनराव म्हणाले.

डिस्कवरची जागा पार भरली होती. त्यांनी विचार केला, दोन डिस्क म्हणजे दोन प्रती. इथली काढली तरी तिथली आहेच. तीस वर्षं वायरी ओढल्या, आता एवढ्यासाठी पोरीला काय विचारायचं? त्यांनी गाण्यांचा फोल्डर पुसला, कचरापेटीही रिकामी केली. संध्याकाळी अंगण भरलं, नंदाबाई पोट धरून हसल्या.

सकाळी त्यांनी दुसरी डिस्क उघडून पाहिली. जे पहिलीवरून गेलं होतं, ते तिच्यावरूनही गेलं होतं.

त्याच आठवड्यात गल्लीत भुलाबाई बसल्या; आता कोजागिरीपर्यंत रोज संध्याकाळी पोरी गाणी म्हणायला जमणार होत्या. विमलताईंनी पाटीवर लिहिलं, "गाणी लावा. पोरी येऊन राह्यल्या."

"डिस्क बिघडली," बबनराव म्हणाले. "यवतमाळले दुरुस्तीले देली."

विमलताईंनी डब्याकडे पाहिलं. दोन्ही डिस्कचे दिवे लुकलुकत होते. त्यांनी पाटी पुसली. पोरी आल्या तेव्हा त्यांच्यात बसून त्या नुसत्या टाळ्या वाजवत राहिल्या. बबनराव मागच्या दाराने बाहेर निघून गेले.

कोजागिरीला वैष्णवी आली. आल्याआल्या तिनं डबा उघडला.

"बाबा, डिस्का तं चांगल्या हायेत दोन्ही. आईची गाणी कुठी गेली?"

बबनराव शब्द जुळवेपर्यंत विमलताईंनी पाटी पुढे केली होती. "माह्या हातानं पुसल्या गेली."

"तू काहून हात लावला आई! समजत नाही तं बसावं ना चुप!" वैष्णवी रडतही होती आणि बोलतही होती. "आता कुठून आणू मी तुहा आवाज?"

विमलताई मान खाली घालून ऐकत होत्या. बबनराव तिथेच उभे होते. एक वाक्य बोलायचं होतं.

लेक अंघोळीला गेली तेव्हा ते स्वयंपाकघरात आले. "कायले घेतलं अंगावर?"

विमलताईंनी बरबटीच्या, म्हणजे चवळीच्या शेंगांनी भरलेलं पाखडायचं सूप त्यांच्यापुढे सरकवलं आणि दोघं शेंगा मोडत बसले.

वैष्णवीला खरं कधीच कळलं नाही. विमलताई बारा जानेवारी दोन हजार सोळाला, मंगळवारी सकाळी वारल्या.