यिममावशींची कढई

मित्रांनो, मी एक जुनी लोखंडी कढई आहे आणि काळीकुट्ट आहे. हे मी लाजून नाही, मिरवून सांगते.

काम्पोट गावच्या बाजारामागे एका लोहाराने घणाचे घाव घालून माझे पोट खोल केले. तुओनकाकांनी लग्नाच्या वर्षी मला घरी आणले आणि यिममावशींच्या हाती दिले. त्यांचा मिरीचा मळा होता. तोडणीच्या दिवसांत मजुरांसाठी मावशी माझ्यात गोमांस परतत. कोळसा लाल झाला, मी धुरावले, की तेल आणि लसूण पडे. मग सोया सॉसमध्ये मुरलेले तुकडे, थोडेथोडे करून, आणि शेवटी भरडलेली मिरी. पाने मांडून होईपर्यंत मांस तयार असे. तेल पीत, आच सोशीत माझ्या अंगावर काळा तुकतुकीत थर चढला. त्यामुळेच मांस मला चिकटत नसे. काका माझे कौतुक करत तेव्हा माझी छाती फुगायची. कढईला छाती नसते, हे मला ठाऊक आहे.

मग काका गेले. मावशींनी मला खुंटीला टांगले आणि त्या हलक्या पातेल्यात स्वयंपाक उरकू लागल्या. वर्षातून एकदाच, पितरांच्या पंधरवड्याच्या शेवटच्या दिवशी, मला खाली काढत. त्या दिवशी काका येतात. घरच्यांनी विहारात त्यांच्या आवडीचे जेवण नेले नाही, तर ते या विहारातून त्या विहारात उपाशी हिंडतात. आणि जेवण दुपारच्या आत पोचावे लागते, कारण त्यानंतर भिक्खू अन्नाला शिवत नाहीत.

आमच्याकडे जावई सासरी नांदायला येतो. मावशींच्या मुलीचा, चंथीचा, नवरा वुथी असाच नोम पेनहून आला. मोटारसायकल दुरुस्तीत पटाईत, पण चुलीपुढे शून्य. सासूचे मन जिंकायला काय करू नि काय नको, असे त्याला झाले होते. त्या वर्षी मावशी जिन्यावरून घसरल्या आणि त्यांचे उजवे मनगट मोडले. चंथीला दिवस गेलेले, तिला मांसाच्या वासानेच उमळायचे. तेव्हा काकांचे जेवण वुथीने करायचे ठरले.

पितर यायचे म्हणजे घर लखलखीत हवे. वुथीने आदल्या दिवशी मला काढले आणि गंजलेले सुटे भाग घासतात तसे वाळू, काथ्या आणि साबण लावून घासले. मी चांदीसारखी चकाकू लागले. मी ओरडणार कशी? तो मला मोठ्या ऐटीत मावशींपुढे घेऊन गेला.

मावशींचा चेहरा उतरला. "जावईबापू," त्या म्हणाल्या, "माझा सगळा संसार घासून काढलात की."

तरी त्यांनी थोडे मांस परतून बघायला लावले. ते मला चिकटले, फाटले, पाणी सुटून राखाडी झाले. यंदा काका उपाशीच जाणार, एवढे बोलून मावशी आत गेल्या.

"इंजिन नव्हतं ते, शहाण्या," चंथी म्हणाली. "आईची कढई होती."

वुथीने माझ्या चकाकत्या पोटावरून बोट फिरवले. मग मावशींच्या दारापाशी जाऊन म्हणाला, "आई, हिला परत काळी कशी करायची? सांगाल ते करतो."

थोड्या वेळाने मावशीच हात गळ्यात बांधून बाहेर आल्या, शेगडीजवळ बसल्या आणि त्यांनी डुकराची चरबी मागवली. तापव, चरबी चोळ, निवू दे, परत तापव. वुथीच्या बोटांना फोड आले, पण तो जागचा हलला नाही. दिवेलागणीला माझ्या तळाशी तळहाताएवढा काळा डाग धरला होता. एवढ्या डागावर एका वेळी मूठभरच मांस मावेल, मावशींनी बजावले.

दुसऱ्या दिवशी मावशींना शेगडी मनासारखी फुललेली दिसेपर्यंत उशीर झाला. जेवणाची वेळ जवळ आल्याचे सांगणारा विहारातला ढोल ऐकू येऊ लागला. सगळे मांस एकदम टाकायचा मोह वुथीच्या चेहऱ्यावर मला दिसला. पण त्याने दात आवळले आणि मूठभरच टाकले. चर्र झाले. मी जीव एकवटून तापले होते. त्याने उलथने घातले आणि तुकडा अलगद सुटला! मग दुसरी मूठ, मग तिसरी. मिरी पडली तशी शेजारीण कुंपणापाशी येऊन उभी राहिली. खरे सांगते, इतका आनंद मला काकांच्या काळातही झाला नव्हता.

मावशींनी डाव्या हाताने एक तुकडा चाखला. डबा भरला आणि दाराकडे तोंड करून काकांना म्हणाल्या, "अहो, पोटभर जेवा. आज आपल्या मुलाने केलंय."

वुथीने डोळे पुसले आणि मिरी फार तिखट आहे म्हणाला. मग डबा घेऊन त्याने मोटारसायकल अशी पिटाळली, की भिक्खू जेवायला बसायच्या आत तो विहारात हजर होता.

मित्रांनो, मला पाण्याने धुवा, पुसा, तेलाचा हात फिरवा, एवढे पुरे. पण घरातल्या जुन्या वस्तूला घासायला घेण्याआधी, ती ज्याने जन्मभर वापरली त्याला एकदा विचारा. तो तुमच्यावर हसणार नाही. तुमच्याजवळ येऊन बसेल.